मामाच्या पाठीतलं कलम

मामाला कुशीवर वळवायला सुरुवातीला चार माणसं लागायची. आता दोघांत होतं. एकानं खांदा आणि कंबर धरायची, दुसऱ्यानं दोन्ही पाय एकत्र धरून त्याच वेळी फिरवायचे. मग पाठीला उशी, गुडघ्यांच्या मध्ये घडी घातलेली गोधडी, आणि टाचा गादीला टेकत नाहीत ना हे बघायचं. दर दोन तासांनी. मी हे लिहिते आहे ते दोन वळवण्यांच्या मधल्या वेळात. कुठं तुटक वाटलं तर त्याचं कारण एवढंच.

मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. सांगली जिल्ह्यात, तासगावच्या पुढं त्याचं गाव. तो द्राक्षाची कलमं भरायचा. रानात आधी जंगली खुंट लावलेला असतो. तो रुजला की कापून त्याला चीर द्यायची, त्या चिरेत चांगल्या जातीची एका-दोन डोळ्यांची काडी बसवायची आणि पट्टीनं घट्ट बांधायची. मूळ एकाचं, वरची वेल दुसऱ्याची. हे काम करणारी सात-आठ जणांची टोळी असते आणि मामा त्याच्या टोळीचा म्होरक्या होता. हंगामात फलटणपासून खाली कर्नाटकाच्या हद्दीपर्यंत त्याला बोलावणी असायची. त्याच्या हातचं कलम वाया जात नाही असं लोक म्हणत. तो स्वतः असं कधी म्हणाला नाही.

दोन वर्षांपूर्वी एका बागेवर चिंचेची सावली पडत होती. मालकाला फांदी तोडायला माणूस मिळेना, म्हणून मामाच चढला. तोडलेली फांदी खाली जाताना फिरली आणि तिनं त्याला झाडावरून ढकललं. तो पाठीवर पडला. चौघांनी हातापायांना धरून त्याला उचललं आणि जीपमध्ये बसवलं. बसवलं. मणका मोडलेल्या माणसाला खड्ड्यांच्या रस्त्यानं बसवून नेलं. त्यांच्या मनात मायाच होती. ऑपरेशन झालं, पाठीत स्क्रू बसले, पण मणक्याच्या आतली दोरी, म्हणजे मज्जारज्जू, चिरडली होती. बेंबीच्या खाली त्याला काही कळेनासं झालं. पाय, लघवी, टोचलेलं, भाजलेलं, काहीच नाही.

टोळीतल्या माणसांनी मग पैरा लावला. पैरा म्हणजे आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या. मामाकडं परत द्यायला तो उद्या राहिला नव्हता, तरीही त्यांनी वळवायच्या पाळ्या वाटून घेतल्या आणि वर्षभर मोडल्या नाहीत. वर्षभरात मामाच्या अंगावर एक जखम झाली नव्हती. मोठ्या दवाखान्यात होत नाही ते त्या माणसांनी केलं होतं. पुढं जे घडलं ते सांगताना हे सुटता कामा नये.

मी साताऱ्याची. माझे वडील शाळामास्तर आणि चळवळीतले. आमच्या घरी पाहुण्यांना बसायला जागा करायची म्हणजे आधी पत्रकांचे गठ्ठे उचलायचे. मंत्रानं साप उतरवणाऱ्यांविरुद्ध, किडनीचे खडे तोंडानं ओढून काढणाऱ्यांविरुद्ध, पाण्याच्या पाळीसाठी. मी वाचायला शिकले ती छापखान्यातल्या कच्च्या कागदांवर. वडिलांचा एक नियम होता: ज्याच्या हातात पत्रक द्यायचं, त्याच्या हाताला काय काम आहे ते आधी बघ आणि उदाहरण तिथलं दे. तो नियम मी देवासारखा मानला. देव मानत नसूनही.

गेल्या हिवाळ्यात मामानं मला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. मोठ्या शहरातलं कुठलंसं खासगी सेंटर. एक माणूस दोन दांड्यांच्या मधून चालतोय, बायको रडतेय, मागं बासरी वाजतेय. खाली लिहिलेलं की स्टेम सेलनं मणक्याचा पेशंट उभा राहिला.

"त्याच्या विजारीखाली बघ," मी म्हणाले. "गुडघा वाकत नाहीय. पायाला बांधायचे लोखंडी कॅलिपर आहेत. ते लावले तर तूही उभा राहशील. त्याला सुई लागत नाही."

"दिसतंय की मला. मी काय आंधळा हाय? पर उभा हाय का न्हाई त्यो?"

"मामा, ती लोकं..."

"भाषण नगं. ह्ये स्टेम सेल म्हंजी काय, तेवढं सांग."

आणि मी सांगितलं. कमरेच्या हाडातून मगज काढतात. त्यात काही कोवळ्या पेशी असतात, कशाच्याही न झालेल्या. त्या वेगळ्या करून पाठीच्या कण्यातल्या पाण्यात सोडतात. त्या तिथं जाऊन मेलेल्या जागी नवी जोडणी करतील अशी आशा असते. मामाच्या हाताला काय काम होतं ते मला माहीत होतंच. मी म्हणाले, "खुंटावर डोळा भरतात ना, तसं समज."

मामा हसला. पडल्यापासून पहिल्यांदा असा, आवाज करून. मामीला हाक मारून म्हणाला, "आयकलंस का? माजा खुंट शाबूत हाय म्हनत्यात. वरची वेल तेवढी वाळलीया."

"वेल कवा हिरवी हुती?" मामी आतून म्हणाली.

मग मी पुढचंही सांगितलं होतं. कलम धरतं हे तू तुझ्या डोळ्यांनी बघितलंयस, हे धरल्याचं अजून कुणी नीट दाखवून दिलेलं नाही. जगभर प्रयोग चालू आहेत. खऱ्या प्रयोगात पेशंटकडून पैसे घेत नाहीत, आणि हे सेंटर घेतंय, म्हणजे हा प्रयोग नाही, धंदा आहे. हे सगळं मी बोलले. पण त्याचं तोंड अजून हसरं होतं, आणि तो माझ्याकडं बघत नव्हता, स्वतःच्या पायांकडं बघत होता.

साताऱ्याला परतल्यावर मी त्याच मजकुराचं पत्रक काढलं. वर कलमाचं उदाहरण, खाली इशारा. वडील वाचून म्हणाले, चांगलं झालंय. आम्ही ते साताऱ्याच्या स्टँडवर वाटलं, सांगली-मिरजेला दवाखान्यांबाहेर वाटलं. मामाच्या गावात तर टोळीतल्या प्रत्येकाच्या घरी गेलं. त्यांनी ते मन लावून वाचलं. त्यांच्या धंद्याबद्दल छापील असं कुणी कधी लिहिलं नव्हतं.

तरी मामानं जायचं ठरवलं. मी फोनवर मामीशी भांडले. ही लूट आहे म्हणाले, मी याला हात लावणार नाही म्हणाले, तिथं सोबत यायचा तर प्रश्नच नाही. मामी माझं सगळं बोलणं संपेपर्यंत थांबली.

"नगं म्हनायला तू हाईस," ती म्हणाली, "वळवायला आमी."

मी फोन ठेवला. पुढचे आठ-दहा दिवस मी केला नाही. ते गेले, सुई घेतली, परत आले. मला आईकडून कळत होतं. मला वाटत होतं की मी माझ्या तत्त्वाला धरून उभी आहे. त्या दिवसांत सेंटरमधून निघताना डॉक्टर काय सांगतोय ते ऐकायला, समजून घ्यायला, दोन उलट प्रश्न विचारायला तिथं कुणीतरी असायला हवं होतं, आणि त्या घरात असं माणूस एकच होतं.

परत आल्याच्या सहाव्या दिवशी मामीचा फोन आला. मामाला ताप होता, अंगात थंडी वाजत होती. मी सकाळच्या गाडीनं निघाले आणि दुपारी गावात पोचले. उंबऱ्यावर टोळीतला सगळ्यात म्हातारा माणूस बसला होता. मी चपला काढल्या तसा त्यानं हात आडवा केला.

"हळू. पावलं वाजवू नगंस. कलम भरलंय."

आत गेले तर आधी वास आला. मामा उताणा पडलेला, दोन्ही बाजूंना ज्वारीच्या पोत्यांचा आधार, हलू नये म्हणून. कपाळ तापलेलं आणि डोळे चकाकत होते.

"वळवलं कधी?" मी विचारलं.

"वळवायचं न्हाई," मामाच म्हणाला.

"कुणी सांगितलं? डॉक्टरनं?"

"डॉक्टर म्हनला, एक दिस उतानं पडा, फुडं चार दिस जपून ऱ्हावा. आता चार दिसात कदी कलम धरतंय व्हय? पैल्या हप्त्यात धक्का लागला की काडी खुंटापास्नं सुटती. एकवीस दिस तरी हात लावायचा न्हाई. आमाला काय शिकवतोय त्यो?"

"लय जपलंय आमी," म्हातारा दारातून म्हणाला. "पैऱ्याची पोरं येत्यात ती भायेरनंच बगून जात्यात. कुनाला आत सोडलं न्हाई."

मी मामीकडं बघितलं. ती पदराशी चाळा करत उभी होती. आम्ही तिघांनी त्याला वळवलं. माकडहाडाच्या वर वाटीएवढी जागा काळी पडली होती आणि तिच्या कडेनं ओलं होतं. मामाला काही कळत नव्हतं. तो विचारत राहिला, "सुटलं का? सुटलं का गं?" तो काडीबद्दल विचारत होता.

सरकारी दवाखान्यात एक वयस्कर सिस्टर होत्या. त्यांनी जखम उघडी केली, मेलेली कातडी कापली, आत कुठंपर्यंत गेलंय ते बघितलं. तोंडावर काही दाखवलं नाही. हात धुताना विचारलं, "वर्षभर एक ओरखडा नाही आणि आता हे? न वळवायला कुणी सांगितलं?"

मग मामीनं फायलीतून माझं पत्रक काढून त्यांच्या हातात दिलं. तिनं ते रागानं दिलं नाही, हे मला आजही नीट आठवतं. दवाखान्यात कागद मागितला की फायलीतले सगळे दाखवायचे, तसं दिलं. सिस्टरांनी उभ्या-उभ्या सगळं वाचलं.

"चांगलं लिहिलंय," त्या म्हणाल्या. "कुणी?"

"मी."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं एकदा बघितलं. "पुढच्या वेळी खाली एक ओळ घाला. सुई घ्या नाहीतर घेऊ नका, दोन तासांनी वळवा."

एवढंच. मला कुणी ओरडलं असतं तर मी भांडले असते, भांडायची मला सवय आहे. ते पत्रक त्यांनी परत फायलीत ठेवलं आणि पुढच्या खाटेकडं गेल्या.

मी तेव्हापासून इथंच आहे. साताऱ्याला अधूनमधून कपड्यांसाठी जाते. जखम भरायची तर मामानं पालथं पडायचं, थोडा वेळ कुशीवर, पाठीवर अजिबात नाही. दिवसातून दोनदा ड्रेसिंग. अंडी, डाळ, शेंगदाणे खायला घालायचे, तो चिडून ताट सरकवायचा तरी. पैऱ्याची पोरं परत यायला लागली, पण पहिल्यासारखी गप्पा मारत नाहीत. आपण प्रेमानं काय केलं ते त्यांना कळलं होतं, आणि ते कुणासमोर मांडायची त्यांच्यात रीत नाही. आली की हात धुवायची, वळवायची आणि जायची.

या सगळ्यात विचित्र एक गोष्ट होती. जखम भरावी म्हणून मामा जेवढा झटत होता तेवढीच मी झटत होते, पण आमची कारणं एकमेकांच्या उलट होती. जखम असेपर्यंत दुसरी सुई देता येत नाही असं सेंटरनं सांगितलं होतं. मामाला जखम भरायची होती ती दुसरी सुई घ्यायला. मला भरायची होती ती तो जगावा म्हणून. चिमट्यानं जखमेत पट्टी भरताना मी रोज त्याला त्या सेंटरच्या एक बोट जवळ नेत होते.

उन्हाळ्यात एकदा म्हातारा ओरडला, "फुटला! कोंब फुटला!" आम्ही धावलो. मामाचा उजवा अंगठा हलत होता, मग सबंध पाय थरथरला. मामीनं हात जोडले. मामा माझ्याकडं बघत होता.

आधीची मी असते तर तिथंच सगळ्यांना सांगितलं असतं. मी खाली बसून त्याच्या कानाशी म्हणाले, "झटका आहे, मामा. सुईच्या आधीही यायचे."

"म्हाईत हाय मला," तो हळूच म्हणाला. "पर ह्यांला बगू दे की वाईच."

वडिलांचा फोन यायचा. त्यांना सेंटरविरुद्ध दुसरं पत्रक हवं होतं, कडक. माझ्याकडं सगळी माहिती होती, आता तर घरातला पुरावा होता. मी दोनदा लिहायला बसले. पहिल्या ओळीला उदाहरण सुचायचं आणि मी कागद बाजूला ठेवायचे. त्यांना म्हणाले, वेळ मिळत नाही. ते खोटं नव्हतं.

श्रावणात जखम मिटली. गुलाबी, पातळ कातडी आली. सिस्टरांनी बोट फिरवून बघितलं आणि रोज पंधरा मिनिटं बसवायला परवानगी दिली. त्याच आठवड्यात सेंटरचा फोन आला. मामा पालथा होता. मी फोनचा आवाज मोठा करून उशीजवळ धरला. पलीकडं एक गोड बोलणारा माणूस होता.

"जखम भरली ना दादा? उत्तम. मग दुसऱ्या डोसची तारीख घेऊन टाकू."

"आदी तुमी कवा येतायसा ते सांगा," मामा म्हणाला.

"आम्ही? नाही दादा, यायचं तुम्हीच."

"पैलं धरलं का न्हाई, त्ये कोन बगनार?"

"ते दुसऱ्या डोसनंतर कळतं."

"आवं, पैल्याचं दुसऱ्यानंतर कसं कळंल?"

तो माणूस रिझल्ट, शरीराची साथ, प्रत्येकाची तब्येत वेगळी असं काही बोलायला लागला. मामानं त्याला बोलू दिलं. मग म्हणाला, "आमी कलम भरतो द्राक्षाचं. एकविसाव्या दिसी मालकाच्या बागंत जातो, न बोलवता. सरीनं सरी फिरतो. पट्टी सोडून बगतो. गेलं त्याला गेलं म्हनतो आनि त्याच पायी परत भरून देतो. मालकाच्या तोंडाकडं बगवत न्हाई, पर जातो. तुमी एक फोन केला न्हाई मला. आज केला त्यो बी तारखंसाटी."

"दादा, पेशंटनं पॉझिटिव्ह राहिलं पाहिजे."

"मी लय पॉझिटिव्ह हाय. या तुमी. चहा पाजतो."

पलीकडून फोन बंद झाला. मामानं तोंड उशीत घातलं. मी फोन हातात घेऊन बसून राहिले. मला वाटलं होतं की असा दिवस आला तर मला जिंकल्यासारखं वाटेल. मला फक्त झोप येत होती.

"तुजं खरं झालं म्हनून खूश हुऊ नगंस," तो उशीतूनच म्हणाला.

"नाही झाले."

मामी भाकरी टाकायची थांबून दारात येऊन उभी राहिली होती. मग त्यानं मान माझ्याकडं वळवली.

"आता खरं सांग. मी कदीच चालनार न्हाई का?"

माझ्या तोंडाशी उदाहरण आलं. वेलीचं, जळलेल्या मोटारीच्या वायरीचं, कशाचंही आलं असतं. मी ते गिळलं.

"आज असं औषध कुणाकडंच नाही, मामा. शोध चालू आहे, खरा शोध, आणि मला वाटतं कधीतरी लागेल. पण तुझ्यासाठी लागेल असं मी म्हणणार नाही. तू चालणार नाहीस असंच धरून आपण जगायचं."

मामी आत गेली. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला. मामा रडला नाही. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, जेवला मात्र. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यानं मला फोन आणायला सांगितला. कलमांचा हंगाम तोंडावर आला होता. मला तेव्हा कळलं की दोन वर्षांत त्यानं एकाही मालकाला नाही म्हटलेलं नव्हतं. औंदा जमत न्हाई, फुडल्या सालाला बगू, असं सांगून त्यानं सगळ्यांना लटकत ठेवलं होतं, आणि टोळीलाही. टोळी त्याच्यावाचून दुसऱ्याच्या हाताखाली मजुरी करत होती.

मी पहिला नंबर लावला आणि फोन त्याच्या कानाशी धरला. फलटणचा एक बागायतदार.

"मी न्हाई येनार," मामा म्हणाला. "न्हाई, औंदाचं न्हाई म्हनत. आता येनारच न्हाई. पोरं येतील माजी. हात चांगला हाय त्येंचा. एकविसाव्या दिसी बगायला बी येतील, मी लावून दीन." पलीकडचा काही बोलला. मामानं डोळे मिटले. "व्हय. त्यो विषय संपला."

दुसऱ्या फोनला त्याचा आवाज फाटला. तिसऱ्या फोनच्या आधी त्यानं पाणी मागितलं. चौथा मालक भांडकुदळ निघाला, मामाही त्याच्याशी काडीच्या जाडीवरून भांडला. पाचव्या फोनला त्यानं तेच वाक्य सरळ, नेहमीच्या आवाजात म्हटलं, आणि मला सहावा नंबर लावायला सांगितला.